जुन्या बुलेटचा क्लच सटकतो, गिअर अडतो? प्लेटा बदलण्याआधी हे तपासा

साजगाव (ता. खालापूर) : खोपोली, साजगाव, ताकईपासून चौक, कर्जत, कडाव, नेरळपर्यंतच्या गावांत अजूनही जुन्या बुलेट दिसतात. कुणाच्या वडिलांनी घेतलेली असते, कुणी हौसेने जुनी विकत घेऊन रंगवलेली असते. या गाड्यांची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच, ‘क्लच गेलाय’. गॅरेजचं उत्तरही ठरलेलं, ‘दादा, प्लेटा टाकाव्या लागतील.’ प्लेटा टाकल्या जातात, पैसे जातात आणि पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा तशीच वागते.

‘क्लच गेला’ या दोन शब्दांत तीन वेगळे आजार लपलेले असतात. एकात क्लच पकडत नाही, म्हणजे सटकतो. दुसऱ्यात क्लच सुटत नाही. तिसऱ्यात क्लच ठणठणीत असतो आणि दोष गिअरच्या बाजूला असतो. तिन्हींवर इलाज वेगळा. सटकण्याचा इलाज न सुटणाऱ्या क्लचवर केला तर दुखणं वाढतंच. बहुतेक वेळा कारण इंजिनाच्या बाहेर सापडतं. वायर, तिची ढील, एखादा स्क्रू नाहीतर चुकीचं तेल. म्हणून तपास बाहेरून आत करायचा. इंजिन उघडणं सगळ्यात शेवटी.

कोणत्या गाडीची गोष्ट

इथे मुख्यतः बीडाच्या इंजिनाची, चार गिअरची, उजव्या पायाने गिअर पडणारी बुलेट डोळ्यांसमोर ठेवली आहे. १९५५ मध्ये मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया कंपनी सुरू झाली आणि या घडणीचं इंजिन पुढे कित्येक दशकं जवळपास त्याच रूपात बनत राहिलं. या गाडीत इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा. दोघांना जोडणारी प्रायमरी चेन आणि क्लच डाव्या बाजूच्या चेनकेसमध्ये असतात. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. ब्रेक डाव्या पायाला. जावा-येझदी आणि राजदूतबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे.

आपण बोलताना या सगळ्यांना ‘विंटेज’ म्हणतो. कायद्यात तसं नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडीच विंटेज धरतात. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते आणि ती रोजच्या वापराला चालवता येत नाही. १९८५ ची बुलेट म्हणजे नुसती जुनी गाडी. तिची कागदपत्रं नेहमीसारखीच सांभाळायची.

आत काय चालतं

चेनकेसमध्ये क्लचच्या प्लेटा एकावर एक रचलेल्या असतात. एक घर्षणाची, एक लोखंडी, अशी आलटून पालटून. स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात. दाबलेल्या असतात तोवर इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. हाताने लिव्हर ओढली की वायर उजव्या बाजूला, गिअरबॉक्सच्या कव्हरातला एक आकडा ओढते. तो आकडा एका लांब सळईला ढकलतो. ही सळई, म्हणजे पुश रॉड, गिअरबॉक्सच्या पोकळ शाफ्टातून आरपार डाव्या बाजूला जाते आणि तिथली प्रेशर प्लेट बाहेर लोटते. प्लेटा मोकळ्या झाल्या की क्लच सुटला.

म्हणजे वायर उजवीकडे ओढते आणि काम डावीकडे होतं. हे एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मा तपास सोपा होतो. लिव्हर ओढून क्लच सुटत नसेल तर हातापासून प्लेटपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी हालचाल वाया जाते आहे. आणि लिव्हर सोडूनही क्लच पूर्ण पकडत नसेल तर एकतर त्याच वाटेवर काहीतरी सतत दाबून धरतंय, नाहीतर प्लेटांना किंवा स्प्रिंगांना आता जोर राहिलेला नाही.

अंगणातच करायचा तपास

गाडी स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये ठेवा. किकवर हळूहळू वजन टाका, जोरात मारू नका. इंजिन चांगलं असेल तर कॉम्प्रेशनवर किक अडते आणि तुमचं वजन क्षणभर तोलून धरते. या बुलेटची किक क्लचमधूनच इंजिन फिरवते, त्यामुळे क्लच सटकत असेल तर किक लोण्यातून सुरी जावी तशी खाली जाते. पण किक खाली जायची आणखी दोन कारणं आहेत. किकच्या आतल्या रॅचेटचे दात झिजले असतील तर ‘खट्’ आवाज करून पाय एकदम खाली आदळतो. यात गुडघ्याला मार बसतो, म्हणून हा दोष अंगावर काढू नका. दुसरं कारण म्हणजे इंजिनाचं कॉम्प्रेशनच गेलेलं असणं.

यातलं कोणतं हे ओळखायला हेडलाइटजवळच्या अँपिअर मीटरकडे बघा. प्लॅटिन पॉइंट आणि बॅटरीवर चालणाऱ्या गाडीत चावी चालू ठेवून किक सावकाश दाबली की मीटरचा काटा हलतो, कारण पॉइंट उघडतात-मिटतात. काटा हलला म्हणजे इंजिन फिरतंय. मग किक नरम असण्याचं कारण कॉम्प्रेशन. किक खाली गेली आणि काटा जागचा हलला नाही तर इंजिन फिरलंच नाही. मग दोष क्लचचा नाहीतर रॅचेटचा.

त्या दोघांतून निवडायला चावी बंद करा, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका, क्लच सोडलेला ठेवा आणि गाडी पुढे ढकला. क्लच पकडत असेल तर गाडी अडत अडत, हिसके देत जाते आणि सायलेन्सरमधून फुस्स आवाज येतो. मग क्लचला दोष देऊ नका, किकचा रॅचेट बघा. गाडी सहज पुढे गेली आणि इंजिन गप्प राहिलं तर क्लच सटकतोय.

रस्त्यावर आणखी एक तपास करता येतो. सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये ताशी ३०-३५ च्या वेगाला अ‍ॅक्सिलेटर एकदम पिळा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी त्या मानाने पळाली नाही तर सटकतोय. आवाज आणि वेग बरोबरीने वाढले पण गाडीत दम नाही, तर ते दुखणं कार्ब्युरेटर, टायमिंग किंवा कॉम्प्रेशनचं आहे. पिकअप नाही म्हणून प्लेटा बदलणारे बरेच जण इथेच फसतात.

क्लच सुटत नसेल तर लक्षणं उलटी दिसतात. इंजिन चालू, लिव्हर पूर्ण ओढलेली, पहिला गिअर टाकला की गाडी पुढे सरकू बघते. गिअर टाकताना खर्रर्र आवाज होतो. सिग्नलला उभं असताना न्यूट्रल काही केल्या सापडत नाही. बुलेटला न्यूट्रल फाइंडर असतो, म्हणजे टाचेने दाबायची छोटी लिव्हर. पहिला सोडून कुठल्याही गिअरमधून तो थेट न्यूट्रलला आणतो. फार सोयीची गोष्ट, पण तिच्यामुळेच क्लच नीट सुटत नाही हे मालकाला महिनोन्महिने कळत नाही. तपासताना फाइंडरला हात, म्हणजे पाय, लावू नका. नेहमीच्या गिअर लिव्हरनेच न्यूट्रल शोधून बघा.

एक मात्र दोष समजू नये. सकाळी थंड गाडीत पहिला गिअर टाकताना एकदा ‘ठक’ होणं चालतं. रात्रभर उभ्या गाडीत प्लेटा तेलाने एकमेकींना चिकटतात. सुरू करण्याआधी लिव्हर ओढून धरा आणि चार-पाच वेळा किक मारा. प्लेटा मोकळ्या होतात.

सुरुवात वायरपासून

आपल्याकडे पावसाचे चार महिने वायरची परीक्षाच घेतात. वरच्या टोकातून पाणी आत उतरतं, तार गंजते, लिव्हर जड होते. मालकाला वाटतं स्प्रिंगा कडक झाल्या. वायर काढा, एका हाताने तार आत-बाहेर करून बघा. खरखर लागली किंवा एखादी बारीक तार तुटून बाहेर आलेली दिसली तर विचार करू नका, वायर बदला. ती काही शे रुपयांत येते. वायर चांगली असेल तर वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून गाळणीसारखा बांधा, त्यात थोडं पातळ ऑइल घाला आणि वायर रात्रभर उभी टांगून ठेवा. सकाळी खालच्या टोकाला ऑइल दिसलं की काम झालं.

वायर बसवताना टाकीखालून जाणारी वाट तपासा. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून दोन्ही वेळा लिव्हरची ढील बघा. एका बाजूला ढील संपत असेल तर वायर कुठेतरी ताणली जाते आहे. गाडी वळणावर सटकते आणि सरळ रस्त्यावर नीट चालते, यामागे बऱ्याचदा एवढंच असतं. लिव्हरचा बोल्टही हलवून बघा. वर्षानुवर्षांच्या वापराने भोक लांबट होतं आणि लिव्हरची निम्मी ओढ तिथेच वाया जाते. मग क्लच पूर्ण सुटत नाही.

आता ढील. लिव्हर आणि तिच्या कडीच्या मध्ये, प्रत्यक्ष ताण येण्याआधी, दोन ते तीन मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. अजिबात ढील नसेल तर पुश रॉड सतत दाबलेला राहतो, प्लेटा अर्धवट सटकतात आणि जळतात, रॉडचं टोकही घासून झिजतं. ढील फार असेल तर क्लच सुटत नाही.

ही ढील बहुतेक लोक फक्त वायरच्या अ‍ॅडजस्टरवर काढतात. तिथेच चुकतं. खरं अ‍ॅडजस्टमेंट दोन ठिकाणी असतं आणि क्रम ठरलेला आहे. आधी वायरचा अ‍ॅडजस्टर पूर्ण आत फिरवून वायर सैल करा. उजव्या बाजूला गिअरबॉक्सच्या कव्हरावरचं छोटं झाकण काढा. आत आकड्यावर एक स्क्रू आणि त्याचा लॉकनट दिसेल. नट सैल करून स्क्रू हलक्या हाताने आत फिरवा, पुश रॉडला टेकल्याचं बोटाला कळेल. तिथून पाव ते अर्धा फेरा मागे घ्या. स्क्रू पेचकसाने धरून ठेवून लॉकनट कसा, नाहीतर नटाबरोबर स्क्रूही फिरतो. आता वर येऊन वायरच्या अ‍ॅडजस्टरने लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवा. एवढंच. नुसत्या या कामाने सुधारलेले क्लच पुष्कळ आहेत.

गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून गरम झाल्यावर ढील पुन्हा बघा. थंड असताना ढील होती आणि गरम झाल्यावर नाहीशी झाली, तर घाटात गाडी सटकणारच.

तेल कोणतं आणि किती

बुलेटमध्ये तीन ठिकाणी वंगण असतं आणि तिन्ही वेगळी. इंजिनाचं एक, चेनकेसचं दुसरं, गिअरबॉक्सचं तिसरं. क्लच चेनकेसच्या तेलात भिजलेला असतो. तिथे कारचं इंजिन ऑइल घातलं तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे चांगल्या प्लेटाही सटकायला लागतात. ओल्या क्लचला चालणाऱ्या मोटारसायकल ऑइलच्या डब्यावर इंग्रजीत ‘जासो एमए’ छापलेलं असतं. ते बघून घ्या. दुकानदाराने ‘हे पण चालतं’ म्हणून सुटं ऑइल दिलं तर घेऊ नका.

तेल जास्त झालं तरी क्लच बिघडतो. चेनकेसच्या कव्हरावर लेव्हलचा स्क्रू असतो. गाडी सरळ उभी करून तो काढा. तेल भोकाच्या कडेपर्यंत असावं, धो धो वाहू नये. तुम्ही तेल घातलेलं नाही तरी पातळी वाढलेली दिसली तर इंजिनाच्या शाफ्टाच्या सीलमधून इंजिन ऑइल चेनकेसमध्ये येतंय. मग प्लेटा कितीही वेळा बदला, क्लच पुन्हा बिघडणार. आधी सील. उलट पातळी सारखी उतरत असेल तर गाडी उभी करायच्या जागी, डाव्या बाजूला, खाली डाग शोधा. बुलेटच्या अंगणातल्या डागाची आपल्याकडे चेष्टाच होते, पण डाग कुठल्या बाजूला पडतो यावरून बरंच कळतं.

गिअरबॉक्सचं वेगळं आहे. या जुन्या गिअरबॉक्समध्ये पातळ ग्रीस घालण्याची पद्धत होती. कुणी घट्ट ग्रीस भरलं असेल तर थंडीच्या सकाळी गिअर लोखंडी खिळ्यासारखे जड पडतात आणि गाडी तापल्यावर नरम होतात. असं होत असेल तर आत काय भरलंय ते मिस्त्रीला विचारा.

बाहेरचं सगळं ठीक, तरी सटकतो

मग डावीकडचं चेनकेस उघडावं लागतं. त्याआधी डावा फूटरेस्ट काढायचा. कव्हर मधल्या एकाच मोठ्या नटावर धरलेलं असतं. खाली परात ठेवा, कव्हर सुटताच तेल येतं. अल्टरनेटरची कॉइल आणि तारा त्याच बाजूला असतात, त्यामुळे कव्हर हिसकून ओढू नका. परत लावताना कडेचं रबर नीट बसवा आणि नट बेताने कसा. गळतंय म्हणून अति कसलेला पत्रा वाकतो आणि जास्तच गळतो.

आत प्लेटा बघा. घर्षणाच्या प्लेटेचे तुकडे काचेसारखे चकाकत असतील तर त्या जळून गुळगुळीत झाल्या आहेत. रॉकेलमध्ये धुऊन, बारीक पॉलिश पेपर हलका फिरवून थोडे दिवस चालतात. तुकडे लोखंडाच्या पातळीला आले असतील तर मात्र नवीनच लागतात. लोखंडी प्लेटा काचेच्या तावदानावर ठेवून बघा. डुगडुगल्या म्हणजे वाकल्या. निळसर डाग म्हणजे तापल्या. स्प्रिंगा एकमेकींशेजारी उभ्या करा. एखादी जरी बाकीच्यांपेक्षा बुटकी दिसली तरी सगळा संच बदलायचा, एकटी नाही.

गॅरेजमध्ये कधी कधी स्प्रिंगांखाली जास्तीचे वायसर घालून काम भागवतात. दोन महिने बरं चालतं. पण लिव्हर जड होते, वायर तुटते, पुश रॉड झिजतो. घाईच्या प्रवासाला ठीक, कायमचा इलाज नव्हे.

सुटत नाही, त्याची कारणं

वायर, लिव्हर आणि स्क्रू तपासून झाले तरी क्लच सुटत नसेल तर कव्हर काढलेल्या स्थितीत दुसऱ्या कुणाला लिव्हर ओढून धरायला सांगा आणि तुम्ही किक हाताने हळू फिरवा. प्रेशर प्लेट बाहेर येताना सरळ येते की एका बाजूला कलते ते बघा. कलत असेल तर एक बाजू सुटते, दुसरी घासत राहते. स्प्रिंगांचे स्क्रू सगळे सारखे बसलेत का, स्प्रिंगा एका मापाच्या आहेत का, हे तिथे तपासायचं.

क्लचच्या डब्याच्या खाचांवरून बोटही फिरवा. प्लेटांचे कान त्या खाचांत पुढेमागे सरकतात. वर्षानुवर्षं आपटून खाचांच्या कडेला घळ्या पडतात, कान त्यात अडकतात आणि लिव्हर ओढली तरी प्लेट हलत नाही. घळ उथळ असेल तर कानशीने कडा साफ करता येतात. खोल असेल तर डबा बदलावा लागतो. नव्या प्लेटा घालूनही दोष तसाच राहतो, त्यात हे कारण वारंवार निघतं. आणि मिस्त्री घाईत असला तर तो हेच बघायचं विसरतो.

प्रायमरी चेनचा ताणही तेव्हाच बघून घ्या. मधोमध साधारण सहा मिलिमीटर वर-खाली हालचाल हवी. चेन फार सैल असेल तर हिसके बसतात आणि आपण क्लचला शिव्या देतो. मागच्या चाकाच्या सैल चेनचंही तसंच.

आवाजावरूनही अंदाज येतो. गाडी न्यूट्रलमध्ये चालू आहे आणि घरघर ऐकू येते. लिव्हर ओढल्यावर ती थांबली तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगकडे लक्ष द्या, कारण क्लच ओढला की आतला शाफ्ट थांबतो. लिव्हर ओढल्यावरच आवाज सुरू झाला तर पुश रॉडच्या बाजूचा. दोन्ही वेळा सारखीच खळखळ असेल तर प्रायमरी चेन.

गिअरचं दुखणं

इंजिन बंद असताना गिअर पडत नाही म्हणून कुणी ‘गिअरबॉक्स जाम’ म्हणालं तर घाबरू नका. आतले दात समोरासमोर आले की गिअर अडतोच. मागचं चाक हाताने किंचित पुढेमागे करत लिव्हर दाबा, पडेल.

चालवताना गिअर चुकतो किंवा दोन गिअरच्या मध्ये खोटं न्यूट्रल लागतं, तर आधी पायाची लिव्हर बघा. शाफ्टवरचे दात झिजून ती सैल झालेली असते किंवा बोल्ट ढिला असतो. मग लिव्हर सोडल्यावर आपोआप मध्ये परत येते का ते बघा. लोंबत राहिली तर परत आणणारी स्प्रिंग तुटली किंवा निसटली. ही स्प्रिंग बाहेरच्या कव्हरात असते, तिच्यासाठी सगळा गिअरबॉक्स खोलायची गरज नसते. कुणी तसं सांगत असेल तर दुसरीकडे विचारा.

वरच्या बाजूचा गिअर नीट पडतो आणि खालचाच चुकतो, किंवा उलट, असं असेल तर कव्हरातली एक छोटी प्लेट आठवा. ती दोन नटांवर धरलेली असते, तिची जागा किंचित पुढेमागे करता येते आणि लिव्हर दोन्ही दिशांना किती जाईल ते तीच ठरवते. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून लिव्हर वर-खाली हलवा. मोकळी हालचाल दोन्हीकडे सारखी हवी. नसेल तर प्लेट सरकवून सारखी करा. अर्ध्या तासाचं काम आहे.

गिअर पडल्यावर उडतो, म्हणजे चढावर जोर आला की आपोआप सुटतो, तर आधी स्वतःचा पाय बघा. लिव्हरवर बूट टेकवून चालवायची सवय असली तरी गिअर सुटतो. पाय काढूनही उडत असेल आणि ती प्लेटही ठीक असेल, तर आतल्या दातांच्या कडा गोल झाल्या किंवा फोर्क वाकला. इथे मात्र गिअरबॉक्स खोलण्याला पर्याय नाही, आणि ते काम या गिअरबॉक्सवर हात बसलेल्या माणसाकडेच द्यावं. जुनं वंगण काढताना ते पांढऱ्या फडक्यावर घ्या. राखाडी चिकट भुकटी चालते. चमकदार कपचे दिसले तर गाडी आणखी चालवू नका.

नव्या गाड्यांवर शिकलेली मुलं या गिअरबॉक्सला घाई करतात. हा जुना गिअरबॉक्स सावकाश माणूस आहे. क्लच ओढा, क्षणभर थांबा, लिव्हर शेवटपर्यंत दाबा, मग सोडा. टप्प् करून मारलेली लाथ त्याला सोसत नाही.

घाटात आणि गर्दीत

खोपोलीहून जुन्या रस्त्याने बोरघाट चढताना सटकणारा क्लच लपत नाही. शिंगरोबाच्या देवळापाशी नाणं टाकायला थांबाल तेव्हा जळका वास येतोय का बघा. येत असेल तर तिथेच गाडी थंड होऊ द्या, ढील तपासा आणि पुढे चढण्याऐवजी खोपोलीला परत उतरा. तापलेल्या प्लेटा आणखी सटकतात, सटकल्या की आणखी तापतात. घाटाच्या मध्यावर गाडीने दम सोडला आणि मागून ट्रक येत असला तर बाजूला घ्यायलाही जागा नसते.

उतरताना उलटा धोका असतो. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून किंवा क्लच ओढून घाट उतरणारे अजून आहेत. या गाडीचे ड्रम ब्रेक सतत दाबून तापले की पकड सोडतात. इंजिनाची ओढ हाच मोठा ब्रेक आहे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. गिअर उडण्याचा दोष असलेली गाडी घाटात नेऊच नका, कारण उतारावर गिअर सुटला की ही ओढ एका क्षणात जाते.

कार्तिकी एकादशीपासून ताकई-साजगावला बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. सुक्या मासळीच्या बाजारातून गाडी काढताना लोक अर्धा क्लच दाबून पाऊल पाऊल सरकतात. प्लेटांचं आयुष्य अशा गर्दीत सगळ्यात लवकर संपतं. गाडी लांब लावून चालत जाणं क्लचला बरं आणि माणसाला पण.

घरातल्या मुलाला जुनी बुलेट देताना एक गोष्ट बजावून सांगा. ब्रेक डाव्या पायाला आहे. घाबरलेल्या क्षणी तो सवयीने उजवा पाय दाबतो आणि ब्रेकऐवजी गिअर पडतो. आधी मोकळ्या मैदानात एक संध्याकाळ सराव करून घ्या.

जावा, येझदी, राजदूत

म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून १९९६ पर्यंत बनलेल्या जावा-येझदीत क्लच आणि गिअर एकाच तेलात असतात, त्यामुळे तेल चुकलं की दोन्हींवर परिणाम होतो. यांची खासियत म्हणजे गिअरची लिव्हर दाबताना ती स्वतःच क्लच उचलते, हाताची लिव्हर न ओढताही गिअर बदलता येतो. वाटेत वायर तुटली तर याच्या जोरावर घरी पोहोचता येतं. पण या सोयीमुळे त्यांचं क्लच अ‍ॅडजस्टमेंट जास्त नाजूक असतं. हाताने नीट वाटलं तरी पायाने गिअर टाकताना खर्रर्र होत असेल तर अ‍ॅडजस्टमेंट पुन्हा करायला हवं. बुचाच्या नव्या प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजवून ठेवायच्या, कोरड्या घातल्या तर जळतात. राजदूतचाही क्लच गिअरबॉक्सच्याच तेलात चालतो, तपासाचा क्रम तोच.

गॅरेजला जाताना

‘क्लच बघा’ एवढंच सांगू नका. सटकतो की सुटत नाही, थंड असताना की गरम झाल्यावर, कुठल्या गिअरला, चढावर की सपाटीला, हे सांगा. वायर कधी बदलली, कुठलं तेल घातलं तेही. प्लेटा बदलायच्या ठरल्या तर जुन्या प्लेटा आणि स्प्रिंगा परत मागून घ्या आणि घरी काचेवर ठेवून बघा. प्लेटा सपाट आणि जाड निघाल्या तर त्या कागदात गुंडाळून ठेवा. जुन्या गाडीचे मूळ भाग आता सहज मिळत नाहीत, आणि बाजारातल्या नव्या प्लेटांपेक्षा त्या कितीदा बऱ्या निघतात. पावसाळ्याआधी एक नवी क्लच वायर ऑइल घालून जुन्या वायरच्या शेजारीच चेसीला बांधून ठेवा. तुटली तर रस्त्याच्या कडेला फक्त दोन टोकं बदलायची असतात.